पाठीवरून उकललेली कोंबडी

वर्धा जिल्हा म्हटला कीं सेवाग्राम आणि पवनार हीं दोन नांवें आधीं ओठांवर येतात. महात्मा गांधी 1936 सालीं शेगांवीं राहावयास आले, 1940 सालीं त्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें, आणि पवनारला धाम नदीच्या कांठीं विनोबांचा आश्रम उभा राहिला. अशा जिल्ह्यांतील स्वयंपाकघराविषयीं बोलतांना कोंबडीचा विषय काढणें कोणास अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारें 18 किलोमीटरांवर, जुन्या मोजणीनें 11 मैलांवर, देवळी लागते. आणि देवळीच्या कितीतरी घरांत सणावारीं वा पाहुण्यारावळ्यांसाठीं कोंबडी शिजते, हेंहि तितकेंच खरें आहे. ज्यांना मांस वर्ज्य आहे त्यांचा मार्ग सरळ आहे. ज्यांना तें वर्ज्य नाहीं त्यांच्यापुढें मात्र एक साधा प्रश्न उभा राहतो. एका जिवाचा प्राण घेतल्यावर त्याचें मांस अर्धें कच्चें आणि अर्धें करपलेलें असें पानांत वाढावें काय?

कोंबडी शिजविण्याची या भागांतील रूढ रीत रस्स्याची. लहान तुकडे करावयाचे, कांदा, खोबरें, खसखस आणि धने भाजून वाटावयाचे, वर तेलाचा तवंग येईपर्यंत शिजूं द्यावयाचें, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खावयाचें. पुष्कळ घरीं हा सारा व्यवहार माजघराबाहेर, अंगणांतल्या चुलीवर आणि निराळ्या भांड्यांत चालतो. या रीतींत कांहींहि उणें नाहीं. अंडीं घालून थकलेली जुनी कोंबडी असेल तर हीच रीत बरी, कारण तिच्या मांसांतील चिवट तंतु ओल्या आंचेवर तास-दोन तास राहिल्याशिवाय सैल होत नाहींत. प्रश्न येतो तो कोंबडी अख्खी भाजावयाची म्हटल्यावर. हल्लीं देवळीसारख्या तालुक्याच्या गांवीं गॅसची शेगडी नवलाची राहिलेली नाहीं, आणि कांहीं घरीं विजेची भट्टीहि आली आहे. नागपुरास किंवा पुण्यास शिकावयास गेलेला मुलगा सुटींत घरीं येतो आणि ‘आई, या वेळीं अख्खी भाजूं या’ असा हट्ट धरतो. आई कोंबडी तशीच भांड्यांत ठेवते, वरून मसाला चोपडते, आणि तासाभरानें झांकण काढून पाहते तों छाती लांकडासारखी कोरडी झालेली आणि मांडीच्या सांध्याशीं अजून लाल पाणी. पाहुणे तर पानावर येऊन बसलेले. मग तीच कोंबडी कढईंत जाते, तिचे तुकडे होतात, आणि शेवटीं रस्साच होतो. फरक इतकाच कीं छातीचा तुकडा ज्याच्या वाट्यास येतो त्याला तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळावा लागतो.

यांत त्या माउलीचा दोष मुळींच नाहीं. अख्खी कोंबडी म्हणजे एक पोकळ गोळा होय. छातीचें मांस वर, उघड्यावर. मांड्या खालीं, अंगाला चिकटलेल्या. आणि मधें गार हवेची पोकळी. कोंबडी फारशी उडत नाहीं, त्यामुळें छातीच्या स्नायूंना काम कमी. तें मांस पांढरें आणि कोंवळें. पाय मात्र दिवसभर उकिरडा उकरण्यांत राबतात. म्हणून मांडीचें मांस काळसर, आणि सांधे बांधून ठेवणारे चिवट पदार्थ त्यांत पुष्कळ. कोंबडीचें मांस सर्वत्र 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापलें म्हणजे त्यांतील रोगजंतूंचें भय राहत नाहीं, असें आजचें अन्नशास्त्र सांगतें. छातीला एवढी आंच पुरे. तिच्या फार पुढें गेलें कीं तिच्यांतील पाणी पिळून निघूं लागतें. मांडी मात्र 80 अंशांच्या आसपास गेल्याशिवाय दांताखालीं मऊ लागत नाहीं. ज्या भागास कमी आंच हवी तो उघड्यावर आणि ज्यास जास्त हवी तो आडोशाला, अशी ही उफराटी मांडणी आहे. तीवर मसाल्याचा कितीहि दाट लेप दिला तरी ती बदलत नाहीं.

पाठीचा कणा काढून कोंबडी पुस्तकासारखी उघडली आणि छातीचें हाड दाबून सपाट केलें, कीं ही मांडणी एकदम सुलट होते. मांड्या बाजूंना पसरतात आणि छातीच्या बरोबरीनें आंचेस लागतात. मधली पोकळी नाहींशी होते. जाडी निम्म्यावर येते, आणि जाडी निम्मी झाली म्हणजे उष्णता गाभ्यापर्यंत जाण्यास लागणारा वेळ निम्म्याहूनहि कमी होतो. कातडी सगळी एका बाजूस येते, ती सारखी खरपूस होते. इंग्रजींत या रीतीस ‘स्पॅचकॉक’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरच्या एका इंग्रजी कोशांत आयर्लंडमधील अवचित प्रसंगाची पाककृति म्हणून हिची नोंद आहे. अंगणांतील कोंबडी धरावयाची, कापावयाची, उकलावयाची आणि लगेच विस्तवावर भाजावयाची, असा तो प्रकार. शेवटच्या एस. टी.नें उतरलेल्या पाहुण्यासाठीं खेड्यापाड्यांत आजहि परसांतील कोंबडीच धरली जाते. तेव्हां आयर्लंडच्या त्या गृहिणीची घाई देवळींत कोणास समजावून सांगावयास नको.

पहिली अडचण दुकानांतच उभी राहते. बॉयलर कोंबडीचा दुकानदार वजन करतांच विचारतो, ‘काकू, तुकडे बारीक करूं कीं मोठे?’ आणि उत्तराची वाट न पाहतां पिसांसकट कातडी ओढून मोकळा होतो. म्हणून आधींच सांगावें लागतें, ‘तुकडे नोको करू भाऊ, अख्खीच दे, अन् चामडी नोको काढू.’ दुकानदार कातडीसकट देत नसेल तर तशीच घ्यावी, मात्र मग दह्याचा आणि तेलाचा लेप थोडा जाड द्यावा. कातडीचें संरक्षणाचें काम कांहीं अंशीं तो करतो. गांवरान कोंबडी घ्यावयाची असेल तर ती तलंग असावी, म्हणजे अजून अंडीं घालूं न लागलेली. तिचीं पिसें उपटून, अंगाला हळद चोळून जाळावर भाजण्याची चाल आहे. त्यांत कातडी टिकते आणि तिला एक वासहि येतो. जुन्या कोंबडीवर मात्र हा प्रयोग करूं नये. तिला कितीहि सपाट केलें तरी ती चिवटच राहणार.

आतां हत्यारांविषयीं. परदेशांत या कामासाठीं खास वांकड्या पात्याची दणकट कात्री मिळते, आणि ती नसल्यास काम होणारच नाहीं अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः मराठी स्वयंपाकघरांत या कामास लागणारीं सर्व साधनें पिढ्यान्‌पिढ्या पडलेलीं आहेत. विळी, एक जड सुरी, वरवंटा आणि कोरडें फडकें एवढ्यावर भागतें. विळीचा गुण असा कीं पातें स्थिर असतें आणि दोन्ही हात कोंबडीला धरावयास मोकळे राहतात. कांपावयाची वस्तु निसरडी असेल तेव्हां हा गुण मोठा. सुरी धरणाऱ्याचा एक हात कायमचा गुंतलेला असतो आणि दुसऱ्या हाताखालची कोंबडी सरकते. विळीचा दोषहि त्याच जागीं आहे. दोन्ही हात धारेकडे जातात. म्हणून कोंबडी आधीं फडक्यानें आंतून बाहेरून कोरडी करावी, आणि काम चालूं असतां बोटें पोकळींत कदापि घालूं नयेत.

विळीच्या पाटावर नीट बसावें. कोंबडीची शेंपटी पात्याकडे आणि मान आपल्याकडे येईल अशी ती दोन्ही बाजूंनीं मांड्यांपाशीं धरावी. शेंपटीच्या शेजारीं, कण्याला अगदीं लागून, पात्याचें टोंक शिरूं द्यावें आणि कोंबडी हळूहळू पुढें ढकलावी. मांडीच्या सांध्याशीं थोडें अडेल. तेथें जोर न करतां पातें केसभर बाहेरच्या बाजूस घ्यावें, म्हणजे हाडाऐवजीं सांध्याजवळची मऊ जागा सांपडते. पुढें बरगड्या लागतात. त्या तलंगीच्या असोत वा बॉयलरच्या, कुरकुर आवाज करीत सहज तुटतात. मानेपर्यंत आल्यावर कण्याच्या दुसऱ्या बाजूनें हेंच करावें. कणा सबंध निघून येतो. तो टाकूं नये. त्याचें काम पुढें आहे. शेंपटीवरची पिवळट तेलाची गांठ मात्र काढून टाकावी, नाहींतर तिचा उग्र वास राहतो.

विळीचा सराव नसेल तर सुरीनेंहि हें होतें. ओलें फडकें खालीं घालून त्यावर लांकडी फळी ठेवावी, म्हणजे ती हालत नाहीं. कोंबडी मानेच्या बाजूवर उभी करावी आणि जड सुरी कण्याच्या कडेनें सरळ खालीं उतरवावी. घरांतील कात्री दणकट असेल तर तीहि चालेल, पण शिवणकामाची कात्री घेण्याचा मोह टाळावा. त्यांत कात्रीहि जाते आणि कोंबडीहि नीट कापली जात नाहीं. एखादी बरगडी हट्टीपणा करूं लागली तर अडकित्त्याची आठवण ठेवावी. सुपारीसारखी कठीण वस्तु जो फोडतो त्याला कोंबडीचें हाड तें काय? मात्र अशा कामास लावलेला अडकित्ता पुन्हां पानाच्या डब्यांत जाऊं नये. आजोबांच्या डब्यांतील असेल तर त्यांना न सांगतां तो उचलूंहि नये.

कणा निघाल्यावर कोंबडी उलटी करावी, म्हणजे छाती वर येईल. पाय दोन्हीकडे पसरावे. छातीच्या मध्यभागीं तळहाताचा मागचा भाग टेकवून, दुसरा हात त्यावर ठेवून, अंगाचा भार द्यावा. कडक्‌ असा आवाज होतो आणि छाती सपाट होते. हात दुखरे असतील तर कोंबडीवर फडकें घालून वरवंट्यानें दाबावें. ठोकूं नये, ठोकल्यानें मांस फाटतें. तरीहि छाती उठून राहिली तर आंतल्या बाजूनें छातीच्या हाडावरील कूर्चेला सुरीनें एक चीर द्यावी आणि मग दाबावें. पंखांचीं टोंकें मागें मुडपून खोंचावींत, नाहींतर तींच आधीं जळतात. सगळें मिळून दहा मिनिटांचें काम आहे, आणि दुसऱ्या खेपेस तें पांच मिनिटांत होतें.

येथें एका संवयीविषयीं स्पष्ट बोलणें जरूर आहे. कच्ची कोंबडी नळाच्या धारेखालीं खळखळून धुण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती स्वच्छतेच्या कळकळीनेंच पाळली जाते. परंतु त्या धारेनें उडणारे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारीं चिरून ठेवलेल्या कोथिंबिरीवर पडतात, आणि मांसांतील जंतु त्यांबरोबर जातात. जाळावर भाजलेली कोंबडी धुवावीच लागते. ती पातेल्यांत पाणी घेऊन, हात पाण्याखालीं ठेवून, हळूच धुवावी. मग विळी, फळी आणि हात साबणानें धुवावे, आणि फडकें उकळत्या पाण्यांत टाकावें. त्याच विळीवर लगेच काकडी चिरावयास बसणें हें फार वाईट.

मिठाचें प्रमाण किलोस 12 ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें तोळाभर. तें रात्रीं चोळून कोंबडी शीतपेटींत उघडी ठेवली तर सकाळपर्यंत मीठ आंत मुरतें आणि कातडी कोरडी होते. कोरडी कातडीच खरपूस होते. तेवढा वेळ नसेल तर निदान तासभर तरी द्यावा. मसाल्याबाबत वर्ध्याच्या गृहिणीस दूर जावयास नको. याच जिल्ह्यांतील समुद्रपूर तालुक्यांतली वायगांवची हळद आणि शेजारच्या नागपूर जिल्ह्यांतली भिवापूरची मिरची, दोहोंनाहि भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. हळद, मिरची, लसूण, धने आणि थोडें तेल एवढें पुरे. काळा मसाला रस्स्यास शोभतो. उघड्या आंचेवर तो करपून कडू होतो. कोंबडी थोडी निबर वाटली तर कच्च्या पपईचा चमचाभर कीस लावावा, पण अर्ध्या तासाहून अधिक नव्हे, नाहींतर वरचें मांस पिठासारखें भुसभुशीत होतें.

आंचेचा विषय या प्रदेशांत निराळाच आहे. देवळीच्या आसपास कपाशी मुबलक, त्यामुळें चुलीला पऱ्हाट्या आणि तुराट्या. हें सरपण भडभड पेटतें आणि तितक्याच लवकर राख होतें. भाकरी भाजावयास त्याच्यासारखें दुसरें नाहीं. पण सपाट कोंबडीला शांत, टिकाऊ निखारा लागतो, आणि तो बाभळीच्या लांकडाचा. निखारे पांढरी राख धरूं लागले म्हणजे जाळी ठेवावी आणि कोंबडी हाडांची बाजू खालीं करून ठेवावी. अर्धा तास तशीच राहूं द्यावी, आणि कातडीची बाजू शेवटच्या दहा मिनिटांपुरती खालीं करावी. आधींच ती खालीं केली तर चरबी गळून जाळ उठतो आणि बाहेरून कोळसा, आंतून कच्ची असा प्रकार होतो.

ज्यांच्याकडे केवळ गॅस आहे त्यांनीं जाड बुडाची लोखंडी कढई किंवा खोल तवा घ्यावा. किलोभराची कोंबडी त्यांत नीट बसते. मध्यम आंचेवर तेल तापवून कातडी खालीं करून ठेवावी, वर ताटली, आणि ताटलीवर पाण्यानें भरलेला तांब्या किंवा धुतलेला वरवंटा. काळ्या समुद्राच्या कांठच्या जॉर्जिया देशांत ‘तबाका’ नांवाची कोंबडी अशीच वजनाखालीं भाजतात. वीस मिनिटांनीं उलटावी, आंच मंद करावी, आणि झांकण ठेवून आणखी वीस मिनिटें. विजेची भट्टी असेल तर 220 अंशांवर किलो-सव्वा किलोच्या कोंबडीस पाऊण तास लागतो. पण घड्याळावर विसंबूं नये. मांडी जेथें अंगाला जोडलेली असते तेथें सुरीचें टोंक खुपसून पाहावें; पाणी स्वच्छ यावें, आणि पाय ओढला असतां सांधा सहज सुटावा. मांसाचा तापमापक असेल तर तो तेथेंच, हाडाला न टेकवितां, खुपसावा.

ही रीत ज्या पक्ष्यासाठीं आज पुष्कळ वापरली जाते असा एक पक्षी देवळींत सहसा दिसत नाहीं. तो म्हणजे टर्की. हा मूळचा अमेरिकेचा. 1612 सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून आणलेल्या नवलाच्या प्राण्यांत एक टर्की होता. बादशहा जहांगीर त्याच्यावर इतका लुब्ध झाला कीं त्यानें दरबारचा चित्रकार मन्सूर याजकडून त्याचें चित्र काढविलें. तें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. या पक्ष्याच्या नांवांचा घोळ मोठा मौजेचा आहे. इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजले, तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात, आणि पोर्तुगीजांनीं त्याला ‘पेरू’ म्हटलें. गोव्यांत नाताळांत पेरू भाजला असें कोणी म्हणाल्यास देशावरच्या माणसानें फळाची कल्पना करूं नये.

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढें हा प्रश्न दर वर्षीं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं, तेथील ‘थँक्सगिव्हिंग’च्या दिवशीं, येतो. मुलांना मित्रांच्या घरच्यासारखा टर्की हवा असतो आणि आईला त्याची संवय नसते. पांच-सहा किलोंचा तो गोळा अख्खा भाजावयाचा तर तीन तासांच्या आसपास जातात, आणि छातीची अवस्था वर वर्णिल्याप्रमाणें होते. तोच पाठीवरून उकलला तर 220 ते 230 अंशांवर दीड तासाच्या आंतबाहेर होतो. मात्र टर्कीचीं हाडें तलंगीचीं नव्हत. बर्फांतला टर्की दोन-तीन दिवस आधीं शीतपेटीच्या खालच्या कप्प्यांत पूर्ण वितळूं द्यावा. गोठलेल्या कण्यावर सुरी चालविणें म्हणजे बोटें गमावण्याची तयारी. मांडीच्या सांध्याशीं आणि मानेशीं जाड हाड लागतें, तेथें जड सुरीच्या पाठीवर वरवंट्यानें हलकेच ठोकावें. एकानें पक्षी धरावा आणि दुसऱ्यानें कापावें. सासरहून आणलेली विळी सामानाच्या तळाशीं पडून असेल तर ती बाहेर काढण्यास हा दिवस योग्य. पण पक्षी अवजड असल्यानें ती फक्त बरगड्यांपुरती वापरावी.

भाजून झाल्यावर कोंबडी दहा मिनिटें, टर्की असेल तर अर्धा तास, उतरवून तशीच ठेवावी. लगेच कापली तर रस ताटांत जातो. सपाट कोंबडी वाढावयास फार सोपी. मांड्या सुरीच्या टोंकानें सुटतात, पंख सुटतात, छातीचे मधून दोन भाग होतात. जावई असेल तर तंगडी त्याची, हें सांगावयास नको. आणि बाजूस ठेवलेला तो कणा, मान, पंखांचीं टोंकें यांत कांदा, चार मिरीं, आल्याचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घालून मंद आंचेवर तासभर ठेवावें. भाजणें चालूं असतां दुसऱ्या शेगडीवर तें आपोआप होतें. गाळून घेतलेलें हें पाणी घरांतील म्हाताऱ्या माणसांना, ज्यांना दांतांमुळें भाजलेली कोंबडी चावत नाहीं त्यांना, सर्वांच्या आधीं वाटींत द्यावें. त्यावर लिंबू पिळावें, मीठ मात्र चव पाहूनच घालावें.